पावसाळा लागला की कलर कॉपियरचे रंग फुटतात: टोनर बदलायच्या आधी हे तपासा

गोव्यात फोंड्याला आमचं छोटं ऑफिस आहे, सर्व्हे प्लॅन, सनदेची कागदपत्रं, बांधकामाचे नकाशे असलं काम. मी ड्राफ्टिंग करते आणि ऑफिसातलं कलर कॉपियर पण माझ्याकडेच आहे, म्हणजे ए-थ्री घेणारं, जमिनीवर उभं राहणारं मोठं मशीन, कॉपी, प्रिंट, स्कॅन सगळं त्याच्यावरच. तीन वर्षं सलग एकच प्रकार चालला होता. मे महिन्यापर्यंत प्रिंट एकदम मस्त, जूनमध्ये पाऊस लागला की आठ-दहा दिवसात रंग फुटायला लागायचे, आणि ऑक्टोबर संपत आला की परत सगळं ठीक. मधल्या काळात आम्ही कुठला ना कुठला पार्ट बदललेला असायचा, त्यामुळे त्या पार्टनेच बरं झालं असं वाटायचं आणि पुढच्या जूनला पुन्हा तेच.

रंग फुटतात म्हणजे नेमकं काय ते सांगते, कारण मेकॅनिकला फोनवर नुसतं "प्रिंट खराब येतंय" सांगून काही उपयोग होत नाही. प्लॅनमध्ये जो भाग दाखवायचा असतो तो आम्ही लाल रंगाने भरतो. तो लाल सपाट यायच्या ऐवजी नासलेल्या दुधासारखा दिसायचा, मध्येच दाट, मध्येच फिकट, आणि फिकट जागी कागद पांढरा डोकवायचा. हिरव्याचं पण तसंच. काळी अक्षरं मात्र ठणठणीत, त्यामुळे नुसती पत्रं छापणाऱ्या माणसाला काही बिघडलंय हे कळायचंच नाही. आता आमच्या कामात रंगावरच सगळं आहे. प्रादेशिक आराखडा २०२१ चा नकाशा घ्या, त्यात कुठली जागा कुठल्या झोनमध्ये येते ते रंगावरूनच वाचायचं असतं, आणि तो रंग ठिपक्याठिपक्यांचा आला तर समोरचा माणूस काय वाचणार? पक्षकार अर्ज घेऊन काउंटरवर जातो, तिथे प्लॅन बघून परत पाठवतात, तो बिचारा डिचोली-सत्तरीहून बस बदलून आलेला असतो. म्हणून मला ह्या विषयाची तळमळ आहे.

पहिल्या वर्षी सिअ‍ॅन (निळसर) आणि मॅजेंटा (गुलाबीसर) दोन्ही टोनर, म्हणजे रंगाच्या पावडरी, बदलले. जुन्या बाटल्यांत अजून टोनर होता, तरी काढल्या. दुसऱ्या वर्षी सर्व्हिसवाल्यांनी ड्रम युनिट (ज्याच्यावर आधी चित्र उमटतं तो गोल फिरणारा भाग) गेलंय असं सांगितलं, ते बदललं, चार दिवस बरं वाटलं (त्या चार दिवसात पाऊस उघडला होता हे आता लक्षात येतं) आणि परत सुरू. तिसऱ्या वर्षी जुलैमध्ये दुसराच मेकॅनिक आला, वयाने मोठा, फोंड्याकडचाच. मी त्याला खराब कागदांचा गठ्ठा दाखवला. त्याने मशीन उघडलंच नाही. ट्रे ओढला, वरचे वीस-पंचवीस कागद उचलले, कानाजवळ धरून वाकवले आणि मला म्हणाला, "पेपर ओलो जाला पळय."

मला खरं वाटेना, कारण हाताला कागद ओला लागतच नव्हता. मग त्याने सांगितलं, सीलबंद रिम (कागदाचं न फोडलेलं पाकीट) आण. ती त्याने तिथेच फोडली, पाच कागद ट्रेत घातले आणि तोच प्लॅन तोच लाल पॅच परत काढायला लावला. दोन्ही कागद खिडकीपाशी नेऊन शेजारी शेजारी धरले तर नव्या कागदावर लाल एकदम सपाट, कुंकवासारखा, आणि ट्रेतल्या कागदावर तोच लाल फुटलेला. तोच टोनर, तोच ड्रम, तेच मशीन, दोन मिनिटांचा फरक. मग त्याने अजून एक गोष्ट केली जी मला फार आवडली. फुटलेला प्रिंट आलेला तोच कागद उलटा करून बायपास ट्रेमधून (मशीनच्या बाजूचा उघडा ट्रे) परत घातला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर तेच छापलं. मागची बाजू बरी आली! कारण पहिल्या फेरीत तो कागद फ्यूजरमधून (टोनर वितळवून कागदावर बसवणारा गरम भाग) जाऊन भाजून निघाला होता, त्यातली ओल उडाली होती.

हीच टेस्ट मी सगळ्यांना सांगते, पैसे लागत नाहीत. पहिली बाजू खराब आणि त्याच कागदाची दुसरी बाजू चांगली आली तर दोष कागदातल्या ओलीचा धरा. दोन्ही बाजू सारख्याच खराब आल्या तर मशीनकडे बघा. ओलीच्या अजून खुणा म्हणजे सकाळची पहिली वीस-तीस पानं वाईट आणि नंतर सुधारत जाणं (ट्रेतला वरचा कागद रात्रभर हवा खातो, खालचा दाबलेला असतो), कागदाच्या कडांना रंग जास्त फिकट, कडा पापडासारख्या लहरी, बाहेर येणारं पान वळलेलं, कधी कधी चुरगळलेलं, आणि बाहेर पडताना चक्क वाफ दिसणं. ती वाफ बघून आमच्याकडे एकदा मशीन जळतंय म्हणून आरडाओरडा झाला होता. वाफ असेल तर तिला वास नसतो, जळका वास आला तर मात्र लगेच बंद करा.

आता हे असं का होतं ते थोडं समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. ह्या मशीनमध्ये शाई नसतेच, सगळा खेळ स्टॅटिक विजेचा. ड्रमवर चार्ज चढवतात, लेझर हवा तिथला चार्ज उतरवतो, तिथे टोनरची पावडर चिकटते, चार रंगांचे चार ड्रम एका पट्ट्यावर आपापला रंग ठेवतात, आणि मग कागद त्या पट्ट्याला चिकटून जाताना मागून ट्रान्सफर रोलरमधून व्होल्टेज देऊन सगळी पावडर एकदम कागदावर ओढून घेतात. शेवटी फ्यूजर ती वितळवून बसवतो. चेस्टर कार्लसन नावाच्या माणसाने २२ ऑक्टोबर १९३८ ला न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात ह्या पद्धतीने पहिली कॉपी काढली. गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून त्याच्यावर चार्ज चढवला होता. रुमालाच्या जागी रोलर आले, गंधकाच्या जागी दुसरी रसायनं आली, पण मूळ तत्त्व तेच आहे. आणि स्टॅटिकला ओल चालत नाही. लहानपणी कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचो ना, तो प्रयोग जुलैमध्ये करून बघा, कपटे उचलतच नाहीत. मशीनचं तेच होतं. ओल्या कागदातून ट्रान्सफरचं व्होल्टेज इकडेतिकडे पळून जातं, पावडर धड उतरत नाही, आणि जिथे उतरत नाही तिथे पांढरं दिसतं.

काळं नीट आणि लाल-हिरवं फुटकं हे कोडंही ह्यातच सुटतं. काळ्या अक्षराला पावडरचा एकच थर. लाल म्हणजे मॅजेंटावर पिवळा, हिरवा म्हणजे सिअ‍ॅनवर पिवळा, दोन थर एकदम उचलून कागदावर आणायचे. ओझं जास्त, ओढ कमी. म्हणून तुमचा नुसता पिवळा चांगला येतोय आणि लाल-हिरवं खराब येतंय तर एकदम "मॅजेंटा संपला" असं ठरवू नका.

चांगल्या कॉपियर कागदात पाणी साधारण ५ टक्क्यांच्या आसपास असतं, कंपनी तेवढं ठेवून रिम आतून ओल न शिरणाऱ्या कागदात गुंडाळते. म्हणून ते गुंडाळलेलं कव्हर ही फार कामाची गोष्ट आहे. आमच्याकडे काय व्हायचं, कोणीतरी कामसू माणूस सोमवारी सकाळी सगळ्या रिम फोडून कपाटात रचून ठेवायचा, दिसायला छान, पण गोव्याच्या पावसात, जिथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जुलैत टॉवेल दोन दिवस वाळत नाही, तिथे तो कागद बुधवारपर्यंत हवा पिऊन मऊ झालेला असतो. त्यात आमचं ऑफिस जुन्या चिऱ्याच्या भिंतींचं, आणि रिम भिंतीला टेकवून खाली जमिनीवर. आता रिम लोखंडी कपाटात मधल्या फळीवर, भिंतीपासून हातभर लांब, आणि बंदच. पावसाळ्यात ट्रे गळ्यापर्यंत भरायचा नाही, अर्ध्या दिवसाला लागेल एवढाच कागद घालायचा, उरलेला त्याच कव्हरमध्ये घडी घालून वर टेप. बायपास ट्रे उघडा असतो म्हणून त्यात रात्री एक पण कागद ठेवायचा नाही. काही लोक कागद फडफडवून घालतात, त्याने पानं सुटी होतात, एकत्र दोन पानं ओढली जात नाहीत, पण ओल जात नाही. आणि आपल्याकडे कपाटात बल्ब लावून कपडे, चपला बुरशीपासून वाचवायची जुनी पद्धत आहे, ती कागदाच्या कपाटात कृपा करून करू नका, गरम बल्ब आणि कागदाचे गठ्ठे एकत्र नकोत.

पण आमच्या दुखण्याचं खरं मूळ अजून वेगळंच निघालं, आणि ह्याच्याबद्दल मला कोणीच कधी सांगितलं नव्हतं. बऱ्याच मोठ्या मशीनमध्ये ट्रेच्या खाली एक छोटा हीटर असतो, काहींमध्ये कंपनीतूनच येतो, काहींमध्ये वेगळा घेऊन बसवतात, आणि त्याचा बारीकसा स्विच आत किंवा मागे कुठेतरी असतो. मशीन झोपलेलं असताना, रात्रभर, हा हीटर कागद कोमट ठेवतो, म्हणजे ओल धरत नाही. आमच्या मशीनमध्ये तो होता! स्विचही चालू होता! पण संध्याकाळी ऑफिस बंद करताना आमचे काका भिंतीवरचा मेन स्विचच बंद करायचे. त्यांची चूक अजिबात नाही, वीज पडून मशीन जाऊ नये ह्या काळजीने ते करायचे, आणि आम्हीच त्यांना कधीकाळी तसं सांगितलं होतं. प्लग मेला की हीटर मेला. तीन पावसाळे तो हीटर फक्त दिवसा, म्हणजे गरज सगळ्यात कमी तेव्हा चालत होता.

विजेचं भय खोटं नाही म्हणून त्याचाही विचार करावा लागला. आपल्याकडे गडगडाट जास्त करून मे अखेरीस, पाऊस लागायच्या आधी, आणि परतीच्या पावसात ऑक्टोबरला. ऐन जुलै-ऑगस्टमध्ये संततधार असते पण विजा कमी. म्हणून आम्ही असं ठरवलं की जून मध्यापासून सप्टेंबरपर्यंत मशीन त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करायचं, भिंतीवरचा स्विच चालूच, चांगला सर्ज प्रोटेक्टर बसवून घेतला, आणि ज्या संध्याकाळी विजा चमकत असतील त्या दिवशी सरळ प्लगच काढायचा. प्लग काढलेला असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेतला कागद बाजूला काढून बंद रिममधला घालायचा. बाजूला काढलेला कागद टाकायचा नाही, साध्या काळ्या पत्रांना चालतो. तुमचं मशीन टेबलावरचं छोटं असेल तर त्यात हीटर बहुतेक नसणारच, मग कागद सांभाळणं हाच उपाय.

एसीबद्दल पण सांगायला हवं. दिवसभर एसी लावून खोली गार केली, संध्याकाळी बंद केला, सकाळी येऊन कोणी खिडक्या उघडल्या की बाहेरची दमट गरम हवा आत येते आणि गार काचेवर बसते. चष्मा लावून गार गाडीतून उतरल्यावर काच धुरकट होते ना, मशीनच्या आतल्या आरशांचं आणि काचांचं तसंच होतं, स्कॅन आणि कॉपी धुरकट येतात, अर्ध्या-पाऊण तासाने आपोआप साफ. अशा वेळी फिनेल-पाण्याने काच पुसत बसू नका, मशीन चालू करून तसंच ठेवा, आतून गरम झालं की जातं.

हे सगळं झालं ओलीचं. पण प्रत्येक दोषाला पाऊसच जबाबदार नसतो, म्हणून आधी दोष कुठे जन्मतो ते शोधायचं. मी आता कधीही तक्रार आली की आधी मशीनच्या मेनूमधून त्याचं स्वतःचं टेस्ट पान काढते, मग काचेवर ठेवून एक कॉपी, मग तोच कागद वरच्या फीडरमधून घालून कॉपी, आणि शेवटी कॉम्प्युटरवरून प्रिंट. टेस्ट पान स्वच्छ असेल तर ड्रम, टोनर, पट्टा, फ्यूजर सगळे सुटले. मग दोष स्कॅनरमध्ये नाहीतर फाइलमध्ये. टेस्ट पानावरच दोष दिसला तर काच पुसून काही होणार नाही. एवढं केल्याशिवाय सर्व्हिसवाल्याला फोनच करायचा नाही असा माझा नियम आहे.

फीडरच्या रेघेची गोष्ट सांगितलीच पाहिजे कारण त्यात आमची झोप उडाली होती. एका प्लॅनच्या कॉपीवर एक सरळ बारीक काळी रेघ, पानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, बरोबर एका सर्व्हे नंबरच्या मधून गेलेली. पक्षकाराने ती बघितली आणि त्याला वाटलं भावकीने परस्पर जमिनीची वाटणी करून घेतली! घरात भांडण व्हायची वेळ आली. मी मूळ प्लॅन काढून दाखवला, त्यात रेघ नाही. काचेवर कॉपी काढली, रेघ नाही. फीडरमधून काढली, रेघ आली. फीडरमधून कागद जातो तेव्हा मोठी काच वापरात नसते, तिच्या डाव्या बाजूला बोटभर रुंदीची लांब अरुंद काच असते, स्कॅनर तिच्याखाली जागेवर उभा राहतो आणि कागद वरून सरकतो. त्या पट्टीवर एक ठिपका असला की कागद सरकेल तसा तो ठिपका ओढला जातो आणि रेघ होते. मोबाइलचा टॉर्च तिरका मारून बघितलं तर मोहरीच्या दाण्याएवढा पण नाही, असा वाळलेल्या व्हाइटनरचा ठिपका. लोक व्हाइटनर ओला असतानाच कागद फीडरमध्ये घालतात. मऊ कापडाला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसला, गेला. लिक्विड कापडावर घ्यायचं, काचेवर फवारायचं नाही, कडेने आत उतरतं. आणि नखाने, ब्लेडने खरवडायचं नाही, ओरखडा पडला की ती रेघ कायमची. तेव्हापासून व्हाइटनर, गोंद, स्टेपल असलेला कागद फक्त काचेवर.

त्याच्या उलट, टेस्ट पानावरच एका रंगात बारीक पांढरी रेघ असेल, समजा सिअ‍ॅनच्या पट्टीत आहे आणि बाकी तीन रंगात नाही, तर बहुतेक वेळा लेझरच्या वाटेत धूळ बसलेली असते. बऱ्याच मशीनमध्ये पुढचं दार उघडल्यावर ही काच पुसायची एक लांब सळई दिलेली असते, मॅन्युअलमध्ये चित्र असतं, त्या रंगाच्या खाचेत घालून दोन-तीन वेळा हळू आतबाहेर करायची. मी स्वतः करते, पाच मिनिटांचं काम.

ठिपका किंवा डाग एकाच पानावर ठराविक अंतराने परत परत येत असेल तर पट्टी घ्या आणि दोन डागांमधलं अंतर मोजा. हे मला शाळेतल्या गणिताचं सगळ्यात सुंदर उपयोजन वाटतं. गोल फिरणाऱ्या भागावर एक खरचटलं की त्याच्या दर फेरीला डाग पडणार, आणि एक फेरी म्हणजे व्यास गुणिले ३.१४. ड्रम ३० मिलिमीटर व्यासाचा असेल तर डाग दर ९४ मिलिमीटरला, म्हणजे ए-थ्रीच्या ४२० मिलिमीटर लांबीत चार-पाच वेळा. अंतर ३८ च्या आसपास निघालं तर १२ मिलिमीटर व्यासाचा एखादा बारीक रोलर. तुमच्या मशीनचे व्यास वेगळे असतील, सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्याचा तक्ता असतो, मेकॅनिकला नुसतं "९४ ला येतोय, फक्त मॅजेंटात" असं सांगितलं तरी तो बरोबर पार्ट घेऊन येतो, दोन खेपा वाचतात. डाग एकाच रंगात असेल तर त्या रंगाचा ड्रम किंवा डेव्हलपर (टोनरला चार्ज देऊन ड्रमपाशी नेणारा भाग). चारही रंगात एकाच जागी असेल तर सगळ्यांना सामाईक असलेला भाग, म्हणजे पट्टा, ट्रान्सफर रोलर, फ्यूजर. चारही ड्रम एकदम एकाच जागी खराब होत नाहीत, म्हणून चारही बदला असं कोणी म्हणालं तर आधी कारण विचारा.

रंग एकमेकांवर बसत नाहीत, अक्षरांना बाजूला लाल-निळी सावली दिसते, हा रजिस्ट्रेशनचा प्रश्न. आमच्यासाठी हा गंभीर, कारण १:१००० च्या प्लॅनवर १ मिलिमीटर म्हणजे जागेवर १ मीटर. मेनूत रंग जुळवायचा पर्याय असतो, मशीन पूर्ण गरम झाल्यावर चालवायचा, सकाळी चालू केल्या केल्या नाही. (जाता जाता, प्लॅन प्रिंट करताना "पानात बसवा" हे टिक कायम काढून १०० टक्क्यांवर ठेवा, नाहीतर रंग कितीही छान आला तरी स्केल चुकतो.)

आणि कॅलिब्रेशन. लोक रंग बिघडला की लगेच कॅलिब्रेशन चालवतात, आम्ही पण चालवायचो. मशीन रंगांचा एक तक्ता छापतं, तो काचेवर ठेवायला सांगतं, वाचतं आणि स्वतःला सुधारतं. पण तो तक्ताच ओल्या कागदावर छापला असेल तर? मशीनला वाटतं आपला लाल फिकट आहे, ते लाल वाढवून ठेवतं, आणि मग कोरडा कागद घातला की सगळं भडक. दुसऱ्या वर्षी आमचं असंच झालं होतं आणि आम्ही नव्या ड्रमला दोष देत बसलो. म्हणून कॅलिब्रेशन करताना नुकत्याच फोडलेल्या रिममधला कागद आणि पुसलेली काच, ह्याशिवाय करूच नका.

टोनर बोटाला लागतो, घडी घातली की पापुद्रा निघतो, हे फ्यूजरकडचं. आधी ट्रेला कुठला कागद लावलाय ते बघा. लग्नाच्या पत्रिकेसाठी कोणीतरी २०० जीएसएमचा जाड कागद घालतं आणि सेटिंग साधंच ठेवतं, मग फ्यूजरची उष्णता पुरत नाही. ओला कागद असेल तरी तेच, बरीच उष्णता पाण्याची वाफ करण्यातच जाते. सेटिंग आणि कागद दोन्ही बरोबर असून पुसला जात असेल तर फ्यूजरच म्हातारा झालाय. आणि इंकजेटचा चकचकीत फोटो पेपर ह्या मशीनमध्ये कधीच नाही, त्याचा थर वितळून फ्यूजरला चिकटतो आणि मग खर्च मोठा.

चवथीच्या सुट्टीनंतर हमखास येणारी तक्रार म्हणजे पानाच्या पांढऱ्या भागावर हलकी राखाडी धूळ. ऑफिस पाच-सहा दिवस बंद, मशीन बंद, आतला डेव्हलपर ओल धरतो आणि टोनरला नीट चार्ज देऊ शकत नाही, मग टोनर नको तिथे पण बसतो. पहिल्या दिवशी अर्धा तास आधी मशीन चालू करायचं आणि चारही रंग असलेली दहा-पंधरा पानं रद्दी कागदावर काढायची, बहुतेक वेळा निवळतं. दोन दिवसांनी पण धूळ येतच राहिली तर मात्र मेकॅनिकला बोलवा.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोचा प्रिंट धुरकट येतो त्याला कॉपियर काही करू शकत नाही, मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा.

साफसफाईत एवढं पाळा. ड्रमला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल पण त्याला पुरतं, आणि ट्यूबलाइटखाली उघडा ठेवायचा नाही, बाहेर काढावाच लागला तर जाड काळ्या कापडात गुंडाळा. टोनर सांडला तर कोरड्या कापडाने, कपड्यावर पडला तर झटकून गार पाण्याने, गरम पाणी लावलं की तो वितळून बसला. घरातला व्हॅक्यूम क्लीनर टोनरला वापरू नका, पावडर इतकी बारीक असते की त्याच्या पिशवीतून आरपार खोलीत येते. फ्यूजर बंद केल्यावर पण बराच वेळ चटका देण्याएवढा गरम असतो, अडकलेला कागद काढताना घाई नको.

आम्ही आता मशीनशेजारी एक वही ठेवलीय. खराब पान आलं की त्याच पानाच्या मागे तारीख, वेळ, कुठला ट्रे, कॉपी की प्रिंट, रिम कधी फोडली, बाहेर पाऊस होता का, एवढं लिहून आत ठेवायचं. गेल्या जूनपासून सप्टेंबरपर्यंत वहीत चारच पानं जमली, त्यातली तीन एकाच दिवसाची, आदल्या रात्री विजा होत्या म्हणून प्लग काढला होता आणि सकाळी ट्रेतला कागद बदलायचा राहून गेला होता. टोनर एकदाच बदलला, संपला म्हणून. भिंतीवरच्या स्विचवर काकांनीच स्वतःच्या अक्षरात चिकटवलंय, "पावसात बंद करू नये, आत कागद शेकतो आहे."